कुरवाळणें : तीन भाषांचें एक क्रियापद

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें आम्हांस व्याख्यानाची विनंती केली, तेव्हां आपल्या देवळाचा इतिहास आम्हीं सांगावा अशीच तिची अपेक्षा असावी. परंतु तो इतिहास ह्याच स्मरणिकेंत आमच्याहून अधिक माहितगार मंडळींनीं लिहिला आहे. पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोठून आली, मंडप केव्हां वाढविला, हें सर्व आपणांस तेथें वाचावयास मिळेल. तेंच दळण पुन्हां दळून आपला वेळ घेण्याची आमची इच्छा नाहीं. म्हणून आज आम्ही केवळ एका शब्दाविषयीं बोलणार आहों. एका शब्दासाठीं एवढी सभा कशाला, असें कोणास वाटेल. पण ज्याच्या चौथ्या शुभवर्तमानाचा आरंभच शब्दाच्या महिम्यानें होतो, त्या धर्माच्या माणसांनीं शब्दास क्षुल्लक म्हणूं नये.

सेमिनरींत आम्ही लॅटिन शिकलों. पुढें बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या वाचतां याव्यात म्हणून थोडें पोर्तुगीज पदरीं पाडून घेतलें, आणि त्याच्या आधारानें शेजारच्या स्पॅनिश व कातालान भाषांच्या कोशांतही डोकावण्याची खोड लागली. तथापि आज ज्या शब्दाविषयीं बोलावयाचें आहे, त्याकडे आमचें लक्ष वळविलें तें कोशानें नव्हे, तर ह्याच धर्मग्रामांतील एका वृद्ध मातेनें. तिची हकीकत शेवटीं सांगूं. ती नीट समजावयास आधीं शब्द समजला पाहिजे.

तो शब्द म्हणजे ‘आकारिसियार’. प्रेमानें हात फिरविणें, कुरवाळणें, हा त्याचा अर्थ. स्पॅनिश, पोर्तुगीज व कातालान ह्या तिन्ही भाषांत तो आहे, आणि रोमन लिपींत तिन्हींकडे त्याच नऊ अक्षरांनीं लिहिला जातो. एका अक्षराचाही फरक नाहीं. उच्चार मात्र ठिकठिकाणीं बदलतो. माद्रिदचा मनुष्य जीभ दांतांत धरून ‘आकारिथ्यार’ म्हणेल, मेक्सिकोचा ‘आकारिस्यार’ म्हणेल, लिस्बनचा आरंभींचे स्वर आंखडून ‘अकरिस्यार’ म्हणेल, आणि बार्सिलोनाचा मनुष्य शेवटचें अक्षर लिहील खरा, पण उच्चारणार नाहीं. ‘अकरिसिआ’ एवढें म्हणून तो थांबेल.

स्पॅनिश व पोर्तुगीज ह्या भाषा आपणांस नांवानें तरी परिचित आहेत. कातालान मात्र अपरिचित असेल. स्पेनच्या ईशान्येस कातालोनिया, त्याच्या दक्षिणेस वालेन्सिया व समोरचीं बालेआरिक बेटें, हा तिचा मुख्य प्रदेश. पिरेनीज पर्वताच्या कुशींत अंदोरा नांवाचें एक चिमुकलें राज्य आहे. त्याची राज्यभाषा हीच. आणि त्या राज्याचे दोन प्रमुख असून त्यांपैकीं एक फ्रान्सचे अध्यक्ष व दुसरे उर्जेलचे कॅथलिक बिशप असतात. अशा निरनिराळ्या भूमींवर आई बाळाच्या गालावरून हात फिरविते त्या कृतीस मात्र हें एकच क्रियापद चालतें.

आतां ह्या शब्दाचीं अंगें सुटीं करून पाहूं. आरंभींचा ‘आ’ हा ‘कडे, जवळ’ अशा अर्थाचा उपसर्ग आहे; मध्यें ‘कारिसिया’ हें नाम आहे; शेवटीं क्रियापद करणारा ‘आर’ हा प्रत्यय आहे. मराठींत ‘हात’ ह्या नामापासून ‘हाताळणें’ होतें, तसाच हा नामापासून झालेला धातु होय. ‘कारिसिया’ हें नाम ह्या तीन भाषांचें मूळचें नव्हे. तें इटालियन ‘कारेत्सा’ ह्या शब्दापासून आलें. फ्रेंच ‘कारेस’ हाही तेथूनच निघाला व फ्रेंचांतून इंग्रजींत ‘कॅरेस’ झाला. ‘कारेत्सा’ शब्दाचे पुन्हां दोन तुकडे होतात. ‘कारो’ म्हणजे प्रिय, आणि ‘एत्सा’ हा आपल्या ‘ता’ किंवा ‘पणा’सारखा भाववाचक प्रत्यय. तेव्हां ‘कारेत्सा’ म्हणजे प्रियपणा, लाडकेपणा. आणि ‘आकारिसियार’ म्हणजे एखाद्याचा लाडकेपणा त्याच्याजवळ नेऊन पोंचविणें.

इटलीचा शब्द इतक्या दूर पश्चिमेस कसा गेला, ह्याचें नवल वाटावयास नको. आरागॉनचा राजा पांचवा आल्फोन्सो ह्यानें १४४२ सालीं नेपल्स जिंकलें. पुढें १५०४ पासून सुमारें दोनशें वर्षें तेथें स्पेनचे व्हाइसरॉय राज्य करीत होते. शिपाई, व्यापारी, कवि व संन्यासी ह्यांची ये-जा अखंड चालू होती, आणि नवजागृतीच्या त्या काळांत इटलीचें काव्य व शिष्टाचार ह्यांचें सर्वांसच अप्रूप होतें. स्वतःचे शब्द ह्या भाषांपाशीं नव्हते असें नाहीं. पोर्तुगीजांत ‘अफगार’ आहे, कातालानांत ‘अमन्यगा’ व ‘अकरुना’ हे गोड घरगुती शब्द आजही ऐकूं येतात. परंतु ते ज्याचे त्याचे. तिघांचा सामाईक झाला तो हा पाहुणा शब्दच. ज्यांनीं राज्य जिंकलें त्यांनीं जिंकलेल्या भूमीकडून कुरवाळण्याचा शब्द शिकून घ्यावा, हें इतिहासांतील एक सुखद आश्चर्य होय.

आतां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कृति हाताची, पण ह्या शब्दांत हाताचें नांव नाहीं. आपली मराठी अशा वेळीं हाताकडे पाहते. चेहऱ्यावरून, डोक्यावरून हात हळूहळू फिरला तर तें कुरवाळणें. वासराच्या मानेवरून फिरला तर गोंजारणें. बाळाच्या पाठीवर तालांत पडला तर थोपटणें. ओठांच्या आवाजानें जवळ केलें तर चुचकारणें. आजी नातवाच्या गालांवरून दोन्ही हात उतरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटें मोडते, त्या कृतीचें चित्रही आपल्या भाषेनें नेमकें टिपून ठेविलें आहे. ह्या सूक्ष्म भेदांबद्दल मराठीचा अभिमानच वाटावा. उलट ‘आकारिसियार’ हा शब्द हात कसा हालला तें सांगत नाहीं; तो हात काय सांगून गेला तें सांगतो. ‘तूं मला प्रिय आहेस’ हा निरोप त्यांत आहे, आणि स्पर्श हा त्या निरोपाचा जासूद आहे.

हा ‘प्रिय’ शब्द मूळचा लॅटिन ‘कारुस’. भाषापंडित त्याचें मूळ ‘इच्छिणें’ ह्या अर्थाच्या एका पुरातन धातूंत शोधतात, आणि संस्कृतांतील ‘काम’, म्हणजे इच्छा, हा शब्द त्याच धातूचा म्हणून सांगतात. तेव्हां आपण मराठींत ‘मनोकामना’ म्हणतों तेव्हां त्या दूरच्या शब्दाचा एक भाऊबंद आपल्याही जिभेवर असतो. पण ‘कारुस’चा दुसरा अर्थ अधिक विचार करण्यासारखा आहे. त्याचा अर्थ प्रिय, तसाच महाग. पोर्तुगीज मनुष्य मित्रास पत्र लिहितांना आरंभीं ‘कारु’ लिहितो, आणि बाजारांत मासळीचा भाव ऐकून नाक मुरडतांनाही ‘कारु’च म्हणतो. ज्याचें मोल फार, तें प्रिय. आणि जें प्रिय, त्यासाठीं मोल मोजावें लागतें. आपणही लाडक्या मुलास लाखमोलाचा म्हणतों, आणि ज्यास कोणी विचारीत नाहीं त्याचें जिणें कवडीमोल झालें असें म्हणतों. तेव्हां कुरवाळणें म्हणजे कवडीमोल झालेल्या माणसास त्याची खरी किंमत परत सांगणें होय.

ह्या क्रियापदाचा संसार हातापुरताच नाहीं. तिन्ही भाषांत वाऱ्याची झुळूक गालास ‘आकारिसियार’ करते. आणि मनुष्य एखादी आशा, एखादा बेत मनांत दीर्घकाळ जपतो, त्यालाही हाच शब्द लावितात. आम्हांस येथें आपल्या मराठीची आठवण झाली. आपण ‘दुःख कुरवाळीत बसूं नको’ म्हणतों; जखमा कुरवाळतों, जुने अपमान कुरवाळतों. आशेला कुरवाळण्याची संवय आपणही लावून घेतली तर काय वाईट?

येथें एका फसव्या शब्दाचाही उल्लेख केला पाहिजे. स्पॅनिशांत मायेला ‘कारिन्यो’ म्हणतात, पोर्तुगीजांत ‘करिन्यु’. ऐकतांच वाटतें कीं हाही ‘कारुस’चाच वंशज. परंतु कोशकार त्याचा संबंध बहुधा लॅटिन ‘कारेरे’ ह्या निराळ्या धातूशीं जोडतात. त्याचा अर्थ उणें असणें, नसणें. म्हणजे जें जवळ नाहीं त्याची हुरहूर, त्या हुरहुरीपासून माया. एक शब्द सांगतो, तूं मोलाचा आहेस. दुसरा सांगतो, तुझी उणीव भासते. हे दोन शब्द घराघरांत शेजारीं शेजारीं नांदतात, आणि आम्हांस वाटतें कीं प्रेमाला दोन्ही लागतात.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येऊं. ‘कारुस’ ह्याच शब्दापासून लॅटिन भाषेंत ‘कारितास’ हें नाम झालें. लॅटिन वल्गाता बायबलांत संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायांत, आणि परमेश्वर प्रीतिस्वरूप आहे असें जेथें संत योहान सांगतो तेथें, प्रीतीसाठीं हाच शब्द योजिला आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं २५ डिसेंबर २००५ रोजीं सही केलेल्या आपल्या पहिल्या विश्वपत्राचें नांवही त्यांतूनच घेतलें. म्हणजे ‘कारितास’ व ‘कारेत्सा’, ख्रिस्ती प्रीति व मायेचा स्पर्श, ह्या एकाच घरच्या दोन बहिणी होत.

पण थोरल्या बहिणीचें पुढें काय झालें तें पाहा. ‘कारितास’चे वंशज, स्पॅनिश ‘कारिदाद’, पोर्तुगीज ‘करिदाद’, कातालान ‘करितात’, हे प्रीतीचें नांव तर राहिलेच. परंतु बोलचालींत त्यांचा अर्थ भिकाऱ्याच्या हातावर टाकलेलें नाणें एवढाही होऊन बसला. आपल्याकडे निराळें झालें नाहीं. ‘धर्म’ हा केवढा मोठा शब्द! परंतु दाराशीं ‘धर्म करा, माई’ अशी हांक ऐकूं येते, तेव्हां त्याचा अर्थ पसाभर तांदूळ किंवा एखादें नाणें एवढाच उरतो. मोठे शब्द वापरानें झिजतात. धाकट्या बहिणीचें मात्र तसें झालें नाहीं. ‘आकारिसियार’ कोणी दुरून करूं शकत नाहीं, नोकराहातीं पाठवूं शकत नाहीं, पावती फाडून उरकूं शकत नाहीं. त्यासाठीं स्वतः जावें लागतें. पोप बेनेडिक्ट ह्यांनींही त्या विश्वपत्रांत हेंच सुचविलें आहे कीं, दान घेणाऱ्यास कमीपणा वाटूं नये असें असेल तर देणाऱ्यानें वस्तूबरोबर स्वतःलाही दिलें पाहिजे.

आपल्या प्रभूनें हें आचरून दाखविलें. कफर्णहूमच्या शताधिपतीचा चाकर त्यानें दुरूनच बरा केला. शब्दाचें सामर्थ्य त्यास पुरेसें होतें. तरीही कुष्ठरोगी समोर आला तेव्हां त्यानें हात पुढें करून त्यास स्पर्श केला. त्या काळच्या नियमाप्रमाणें अशा स्पर्शानें मनुष्य अशुद्ध होई. रोग जाण्यासाठीं स्पर्शाची गरज नव्हती; पण ज्याला वर्षानुवर्षें कोणी शिवलें नव्हतें, त्या माणसास ती गरज होती.

वैद्यकानेंही अलीकडे ह्याची साक्ष दिली आहे, आणि ती स्पॅनिश बोलणाऱ्या भूमींतूनच आली. कोलंबिया देशाची राजधानी बोगोता येथील एका प्रसूतिरुग्णालयांत १९७८ सालीं ऊबपेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेव्हां डॉ. एदगार रेय ह्यांनीं अपुऱ्या दिवसांचीं बाळें आईच्या उघड्या छातीशीं बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला नांव पडलें, आणि आज जगभर, आपल्या देशांतही, ती मान्य झाली आहे. जें यंत्राच्या अभावीं नाइलाजानें केलें, तेंच बाळाच्या जिवास हितकर ठरलें.

दुसरी हकीकत रोम शहरांतील. ११ ऑक्टोबर १९६२ रोजीं दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. त्या रात्रीं हजारों लोक मशाली घेऊन संत पेत्राच्या चौकांत जमले. पोप तेविसावे जॉन ह्यांचा बोलण्याचा बेत नव्हता. पण लोकांचा समुदाय पाहून ते खिडकींत आले. आकाशांत चंद्र होता. तोसुद्धां हा सोहळा पाहावयास लगबगीनें आला आहे असें ते कौतुकानें म्हणाले. आणि परिषदेच्या मोठमोठ्या विषयांवर न बोलतां त्यांनीं लोकांस सांगितलें कीं, घरीं गेल्यावर तुमचीं मुलें भेटतील. त्यांस एक ‘कारेत्सा’ द्या आणि ती पोपची आहे म्हणून सांगा. ते स्वतः तेव्हां असाध्य रोगानें आजारी होते. ३ जून १९६३ रोजीं ते प्रभुचरणीं विलीन झाले. परिषदेचे सोळा दस्तऐवज विद्वानांनीं वाचले. पण त्या रात्रींचा तो निरोप कित्येक इटालियन घरांत आजही आठवणींत आहे.

बंधुभगिनींनो, पोर्तुगीज भाषा आपल्या वसई प्रांतांत १५३४ पासून १७३९ पर्यंत राज्यकर्त्यांची भाषा होती. तिनें आपल्या मराठीस चावी दिली, बिजागरी दिली, घमेलें, पाव, बटाटा, पगार, लिलाव हे शब्द दिले. पाद्री व नाताळ हेही दिले. परंतु ‘आकारिसियार’ हा शब्द दिला नाहीं. आपण घेतलाच नाहीं. नव्या वस्तूला नवें नांव लागतें. पण मायेचा हात येथें नवा नव्हता. आपले संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म वसईचा. त्यांचे वडील पोर्तुगीज व माता ह्याच भूमीची, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या घरांत बाळाच्या डोक्यावरून दोन भाषांचे हात फिरले असतील. बाळास त्यांत भेद कळला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां त्या वृद्ध मातेची हकीकत. महोत्सवाच्या ह्या वर्षीं एकट्या राहणाऱ्या वृद्धांस दरमहा धान्य देण्याचें आपण ठरविलें, आणि एक तरुण स्वयंसेवक न चुकतां पिशव्या पोंचवीत होता. मिस्सेचा पवित्र प्रसादही आमचे साहाय्यक नेत होते. आम्ही वर्गणी, मंडप, निमंत्रणें ह्यांत गुंतलों होतों. आठ महिन्यांत त्या बाईंच्या दारीं एकदांही गेलों नाहीं. अखेर गेलों, तेव्हां आशीर्वादासाठीं त्यांच्या मस्तकावर हात ठेविला. त्यांनीं तो दोन्ही हातांनीं तसाच धरून ठेविला, आणि म्हणाल्या, ‘फादर, पिशवी वेळच्या वेळी येते, देव तुमचं बरं करो. पण आमचे हे गेल्यापासून माझ्या डोक्यावरनं कुणी हात फिरवला नाही बघा.’ त्यांच्या यजमानांस जाऊन सहा वर्षें झालीं होतीं.

त्या बोलण्यांत तक्रार नव्हती, म्हणूनच तें आम्हांस अधिक लागलें. आम्हीं ‘करिदाद’ पाठविली होती. ‘कारिसिया’ विसरलों होतों. पिशवीनें पोट भरलें. पण तूं आम्हांस प्रिय आहेस, हा निरोप पिशवीला सांगतां येत नव्हता. चूक त्या स्वयंसेवकाची नव्हे, समितीची नव्हे. ती आमची, धर्मगुरूची. महोत्सवाच्या भाषणांत धर्मगुरूनें आपली चूक सांगावी अशी रीत नाहीं. परंतु सांगितल्यावांचून हें व्याख्यान खरें झालें नसतें.

तथापि एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. मायेच्या नांवाखालीं बालकांवर व दुर्बळांवर अत्याचार झाले आहेत. घरांत झाले, शाळांत झाले, आणि सांगतांना मान खालीं जाते, पण ख्रिस्तसभेच्या सेवकांच्या हातूनही झाले. पोप फ्रान्सिस ह्यांनीं मे २०१९ मध्यें अशा अपराधांची खबर वरिष्ठांस देणें धर्मगुरूंस व संन्यस्तांस बंधनकारक केलें, तें योग्यच झालें. येथेंही आपला शब्दच कसोटी दाखवितो. ज्या स्पर्शानें समोरच्याचें मोल वाढतें तें कुरवाळणें; ज्यानें त्याचें मोल हिरावून घेतलें जातें, तो स्पर्श कितीही मऊ असला तरी ती चोरी होय. मुलानें अंग चोरलें तर हात मागें घ्यावा. मूल सांगावयास आलें तर त्याचें ऐकावें व त्यावर विश्वास ठेवावा. वाईट हातांच्या भीतीनें सर्वच हात खिशांत घालावेत असें मात्र नव्हे. २०२० व २०२१ सालीं महामारीमुळें आपण शांतीचें चिन्ह देणेंही बंद केलें, आणि कित्येकांस आपल्या माणसाच्या कपाळास शेवटचा हातही लावतां आला नाहीं. स्पर्श ही केवढी महाग वस्तु आहे, तें तेव्हां आपणां सर्वांस कळलें.

महोत्सव उद्यां संपेल, पताका उतरतील. धान्याच्या पिशव्या चालूच राहतील. त्या बंद करूं नयेत. पण यापुढें पिशवीबरोबर प्रत्येक आळींतील एक माणूस जाईल, घटकाभर बसेल, विचारपूस करील, असें समितीनें ठरविलें आहे; आणि दर महिन्यांतून एकदां आम्ही स्वतः जाऊं, हें वचन आपणां सर्वांसमक्ष देतों. आपणही आज घरीं गेल्यावर एवढें करावें. ज्याच्या डोक्यावर कित्येक दिवसांत आपला हात गेला नाहीं, असें माणूस बहुधा प्रत्येक घरांत असतें. म्हातारे वडील असतील, रुसलेला भाऊ असेल, थकून आलेली सून असेल. त्या माणसाजवळ जावें. शब्द पोर्तुगीज, स्पॅनिश कीं कातालान ह्याची चिंता नको. मराठी हातास तो निरोप चांगला सांगतां येतो.

प्रभूचा कृपाहस्त आपणां सर्वांच्या मस्तकावर सदैव राहो.